पीटीची घंटा, लंडनची मध्यरात्र

गेल्या वर्षी जानेवारीत सुट्टी संपवून मी लंडनहून परत आलो. आई तिथे नर्स आहे आणि बाबांची नोकरीही तिथेच आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा माझा हा प्रवास ठरलेला. सत्र सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी शाळेत पोहोचलो. रात्री दहाला दिवे बंद झाले, पण साडेतीनपर्यंत माझा डोळ्याला डोळा लागला नाही. साडेपाचला पीटीची घंटा झाली तेव्हा लंडनमध्ये बरोबर रात्रीचे बारा वाजले होते, कारण हिवाळ्यात भारताचे घड्याळ तिथल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते. चौथ्या दिवशी क्रॉसकंट्रीची निवड चाचणी झाली. माझ्या मागे फक्त दोघे होते. सुट्टीत मी सराव केला नाही, असेच सगळ्यांना वाटले. मी तर रोज धावलो होतो!

मग चुकले कुठे, याचा मी शोध घेतला.

आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाच्या भागात एक लहानसे घड्याळ असते. झोप, भूक, शरीराचे तापमान हे सगळे त्याच्या तालावर चालते. हे घड्याळ पेशींमध्ये कसे चालते याचा उलगडा फळमाशीवर संशोधन करून करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक माणसांचे हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित हळू चालते. म्हणून उशिरा झोपणे सोपे जाते, लवकर झोपणे अवघड. पश्चिमेला लंडनला जाताना मला फारसा त्रास होत नाही, पण पूर्वेला परत येताना होतो, त्याचे कारण हेच. पूर्वेकडे येताना शरीर साधारणपणे दिवसाला एक तास सरकते. म्हणजे साडेपाच तासांसाठी पाच-सहा दिवस लागतात. माझी चाचणी चौथ्या दिवशीच होती!

घड्याळ सरकवण्याचे मुख्य साधन म्हणजे उजेड. पण त्यात एक गोम आहे. नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास शरीराचे तापमान सर्वांत कमी असते. त्यानंतर मिळालेला उजेड घड्याळ पुढे ओढतो, त्याआधीचा मागे ढकलतो. माझ्यासाठी ती वेळ लंडनच्या पहाटे साडेचारची, म्हणजे आपल्याकडे सकाळी दहाची. म्हणून गणिताच्या तासाला माझी मान पडायची. आणि आठ वाजता ड्रिलचे ऊन मला जागे करते आहे असे वाटत होते, तेव्हा ते माझे घड्याळ उलट दिशेने नेत होते.

ड्रिल चुकवता येत नाही आणि चुकवूही नये. मग उपाय एकच, शाळेत पोहोचण्याआधीच घड्याळ जुळवणे. या वर्षी मी हे केले:

1. निघण्याआधी तीन दिवस रोज एक तास लवकर झोपलो आणि एक तास लवकर उठलो. उठल्याबरोबर घरातले सगळे दिवे लावले.
2. विमानात बसताच मनगटावरचे घड्याळ भारतीय वेळेवर लावले. पाणी भरपूर प्यायलो.
3. चार दिवस आधी दिल्लीत मावशीकडे उतरलो. पहिल्या दिवशी आठनंतरच गच्चीवर उन्हात गेलो आणि मग रोज थोडा आधी.
4. जेवण इथल्या वेळेवर घेतले. दुपारी झोप आली तर गजर लावून फक्त वीस मिनिटे झोपलो. दुपारनंतर चहा-कॉफी बंद आणि रात्री मोबाइल बंद.

झोपेच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही घेऊ नयेत.

यातला तिसरा मुद्दा लिहायला सोपा आहे. पण ते चार दिवस आईबाबांच्या वाट्याचे होते. आईला सांगताना माझी जीभ जड झाली होती. ती म्हणाली, "मी रात्रपाळी करते. विमानात न बसताही मला हे दर महिन्याला होते. तू जा." पण त्या तिन्ही पहाटे ती माझ्याबरोबर उठली. पहिल्या दिवशी सहाला, मग पाचला, मग चारला. बाहेर मिट्ट काळोख, स्वयंपाकघरात सगळे दिवे लावलेले आणि आम्ही दोघे चहा पीत बसलेलो. एरवी तिच्या ड्यूटीमुळे एवढ्या गप्पा आमच्या कधी होत नाहीत.

या जानेवारीत पहिल्याच दिवशी घंटेच्या आधी मला जाग आली. क्रॉसकंट्रीच्या संघात माझे नाव शेवटून दुसरे लागले, पण लागले.

लेहला पोहोचलेला जवान लगेच वर चढत नाही. विरळ हवेची सवय व्हायला तो शरीराला ठरलेले दिवस देतो. तिथे त्याला कोणी आळशी म्हणत नाही. वेळ ओलांडून आलेल्या शरीरालाही तसेच काही दिवस लागतात. दूरवरून येणाऱ्या मित्रांनो, परतीचे तिकीट काढताना ते दिवस मोजूनच काढा.