जुना पिंपळ आणि त्याचा पार

सौंसरजवळच्या जामसावळी येथे मारुतिरायांच्या दर्शनास आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे जाऊन आलेली असतील. तेथील मूर्ति उभी नसून पहुडलेली आहे, आणि तिच्यावर छाया आहे ती पिंपळाची. २०२३ साली तेथे 'हनुमान लोका'च्या मोठ्या बांधकामाचे भूमिपूजन झाले. देवस्थान विस्तारते तेव्हा वृक्षाच्या वाट्यास काय येते, याचा विचार या निमित्ताने करावयास हवा.

महावृक्षापुढे माणूस आपोआप हळू बोलू लागतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णे व सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात रोवला जाणारा पळस आपण पाहतो. गोटमारीचा तो पळस एका दिवसाचा. पिंपळाचे तसे नाही. आजोबांनी ज्याला पाणी घातले, त्यालाच नातू प्रदक्षिणा घालतो. या वृक्षाचे आकर्षण त्याच्या आकारापेक्षा या सोबतीत अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी सर्व वृक्षांत अश्वत्थ ही आपली विभूति सांगितली; पंधराव्यात मात्र ऊर्ध्वमूल अश्वत्थ वैराग्याच्या शस्त्राने छेदावा असा उपदेश आहे. एकच वृक्ष वंद्यही आणि छेद्यही कसा? पंधराव्यातील वृक्ष संसाररूपी आहे, अंगणातील नव्हे. कुऱ्हाड घेऊन निघणाऱ्यांनी एवढा भेद ध्यानी ठेवावा!

पिंपळ किती जगतो याचे प्रसिद्ध उदाहरण श्रीलंकेत अनुराधपूर येथे आहे. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात बोधगयेच्या वृक्षाची फांदी तेथे नेली, अशी परंपरा आहे. तो वृक्ष आजही उभा आहे. मात्र त्याच्या वाकलेल्या फांद्यांस टेकू दिलेले आहेत व भोवती कुंपण आहे. दर्शन घ्यावयाचे ते अंतरावरून.

वडाची गोष्ट निराळी. हावड्याच्या वनस्पति-उद्यानातील प्रचंड वटवृक्षाचा मूळ बुंधा बुरशीने पोखरला आणि १९२५ साली तो काढून टाकावा लागला. तरी हजारो पारंब्यांच्या आधारे वृक्ष वाढतच राहिला. पिंपळास असा पारंब्यांचा परिवार नसतो. त्याची सारी भिस्त एका बुंध्यावर आणि मुळांवर. बुंधा आतून पोकळ झाला तरी झाड जगू शकते, कारण जिवंत थर सालीच्या लगेच खाली असतो. आणि आपण नेमका तेथेच उपद्रव करतो: खिळे ठोकतो, फलक टांगतो, बुडाशी दिवा व कापूर लावून साल भाजतो.

मुळांचे दुःख तर दिसतही नाही. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुधा जमिनीच्या वरच्या थरात, फांद्यांच्या पसाऱ्यापलीकडेही पसरलेली असतात, आणि त्यांस हवा लागते. जुना दगडमातीचा पार पाणी झिरपू देई. सिमेंटचा पार व बुंध्यापर्यंत बसविलेली फरशी पाणी अडविते. झाड त्याच वर्षी वाळत नाही. प्रथम शेंडे वाळतात, पाने विरळ होतात, आणि तोवर फरशीचे काम करणारा केव्हाच निघून गेलेला असतो. कित्येक ठिकाणी असा पार भाविकाने आईवडिलांच्या स्मरणार्थ मोठ्या श्रद्धेने बांधलेला असतो, म्हणून कोणी बोलत नाही. आमच्या मते बोलावे. देणगी घेताना बुंध्याभोवती माती मोकळी ठेवण्याची अट घालावी, फरशीच हवी असेल तर सांधे न भरता बसवावी, आणि दिवा पाराच्या कडेला, दगडी दीपमाळेवर लावावा.