झोंबीचा खेळ आणि रेबीजचा धडा



मधल्या सुट्टीत मुलं हल्ली काय खेळतात, बघितलंय का? उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावातही 'झोंबी-झोंबी' सुरू असतं. एकाने दुसऱ्याला चावल्यासारखं करायचं, की तोही झोंबी! हे सगळं मोबाईलवरून आलंय. मुलांना नुसतं रागावण्यापेक्षा याच खेळातून आरोग्याचा एक पाठ घेता येतो.

सिनेमातला संसर्ग

१९६८ साली जॉर्ज रोमेरो यांनी अगदी कमी पैशांत 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' हा सिनेमा काढला. आजच्या झोंबीपटांची वाट तिथूनच पडली. आपल्या मराठीतही आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' २६ जानेवारी २०२२ ला आला. त्यात डोंबिवलीत साथ पसरते. हे सिनेमे लहान मुलांना दाखवण्यासारखे नाहीत. पण अशा सिनेमांत एक प्रसंग हमखास असतो: एकाला चावा बसतो आणि भीतीपोटी तो बाही खाली ओढून ते लपवतो. पुढे त्याचीच किंमत मोजावी लागते.

आता विचार करा, हाच प्रसंग आपल्या घरात घडत नाही का?

खरा संसर्ग

चाव्यातून पसरणारा आणि थेट मेंदूवर जाणारा खरा रोग म्हणजे रेबीज. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतले विषाणू जखमेतून शिरतात आणि मज्जातंतूंमधून हळूहळू मेंदूकडे सरकतात. लक्षणं दिसायला बहुधा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडाभरातही दिसतात. रुग्णाला पाणी गिळता येत नाही, पाण्याची भीती वाटते. एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य.

पण सिनेमात आणि इथे मोठा फरक आहे. सिनेमात चावा बसला की खेळ खलास. इथे चाव्यानंतर वेळ मिळतो. ६ जुलै १८८५ ला लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला लस दिली आणि तो वाचला. पाश्चर यांचा स्मृतिदिन, २८ सप्टेंबर, जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात.

वर्गात काय घ्याल?

१. हाताला थोडं तेल आणि हळद लावा. एका मुलाने नुसत्या पाण्याने हात धुवावेत, दुसऱ्याने साबणाने. फरक मुलांनाच सांगू द्या.

२. मग नियम पाठ करून घ्या: चावा असो की ओरखडा, वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं. चुना, तिखट, हळद काही लावायचं नाही.

३. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. पहिला डोस लगेच, पुढचे ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही देतात. पोटातली चौदा इंजेक्शनं आता इतिहासजमा झाली. लस दंडात देतात.

४. नाटुकलं बसवा: कुत्रा चावलेला मुलगा, आई आणि बाई. मुलगा सांगतो, तेव्हा आई काय बोलते? संवाद मुलांनाच रचू द्या. घरात काय बोललं जातं, ते लगेच कळेल.

पालकांसाठी दोन शब्द

लेकरू चावा का लपवतं? "कुत्र्याच्या वाटेला गेलासच कशाला?" हे ऐकावं लागेल म्हणून. इंजेक्शनची भीती असतेच, पण आपल्या ओरडण्याची त्याहून मोठी. रेबीजने दगावणाऱ्यांत पंधरा वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण मोठं आहे. लहानसा ओरखडा कुणाला दिसत नाही, आणि मूल बोलत नाही.

म्हणून आज संध्याकाळी जेवताना एवढंच सांगा, "बाळा, कुत्रं, मांजर, माकड काहीही चावलं तर आधी मला सांग. मी रागावणार नाही." आणि खरंच रागावू नका.

आपल्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी रचलेले संवाद जरूर कळवा.