सीनरीचा ढीग नको गं

ऐक गं, नवा कॉम्प्युटर घेऊन द्या म्हणून बाबांकडे शब्द टाकण्याआधी माझं एवढं ऐकून घे. एक्स-प्लेन हे तुझं फ्लाइट सिम्युलेटर उघडायला तुला जो वेळ लागतोय, त्यातला बराचसा तुझ्या 'कस्टम सीनरी' फोल्डरमुळे लागतोय. लंडन, दुबई, सिंगापूर, नेपाळमधलं लुक्ला, जे जे फुकट मिळालं ते सगळं तू उतरवून ठेवलंयस. आणि उडतेस कुठे? पुणे, गोवा, फार तर मुंबई. हौसेला माझं काही म्हणणं नाही, हौस हवीच. पण तुला यंदा इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगवर हात बसवायचाय. अभ्यासातून संध्याकाळी जो तासभर निघतो, तो लोडिंगची पट्टी बघण्यात जातोय हे बघून माझा जीव तुटतो.

आधी आत काय चालतं ते समजून घे, म्हणजे उपाय आपोआप कळेल. सुरू होताना एक्स-प्लेन त्या फोल्डरमधलं प्रत्येक सीनरी पॅक चाळतं. त्यातले विमानतळ कोणते, लायब्ररी (पॅकं वापरतात त्या वस्तूंचे सामायिक साठे) कोणत्या, हे सगळं वाचून घेतं, मग तू त्या देशात जा नाहीतर जाऊ नकोस. जमिनीची चित्रं आणि इमारती मात्र तू जिथे उभी आहेस त्या भागातल्याच उचलतं. म्हणजे तुझी दुखणी दोन आहेत. सुरुवातीलाच थांबावं लागतं ते पॅक फार झाल्यामुळे, आणि विमानतळ निवडल्यावर पुन्हा थांबावं लागतं ते त्या भागातली सीनरी जड असल्यामुळे.

पहिल्या दुखण्यावर उपाय आहे 'सीनरी पॅक्स' नावाची आयएनआय फाइल. त्याच फोल्डरमध्ये असते, साध्या नोटपॅडमध्ये उघडते. प्रत्येक ओळीत आधी 'सीनरी_पॅक' आणि पुढे फोल्डरचा पत्ता. त्या पहिल्या शब्दाला '_डिसेबल्ड' जोडलंस की ते पॅक बंद. काही पुसून टाकायचं नाही, पुन्हा उतरवायचं नाही. सिंगापूरला जावंसं वाटलं की त्या दिवशी तो शब्द काढ. मात्र हे करताना एक्स-प्लेन बंद असू दे आणि फाइलची एक कॉपी आधी बाजूला ठेव. ती फाइल गेली तर एक्स-प्लेन नवी बनवून देतं, पण अक्षरांच्या क्रमाने. तू मेहनतीने लावलेला क्रम त्यात जातो.

आणि क्रमालाच खरं महत्त्व आहे, इथे नीट लक्ष दे. वरची ओळ खालच्या ओळीवर मात करते. म्हणून तू मुद्दाम घेतलेले विमानतळ सगळ्यात वर. त्यांच्याखाली 'ग्लोबल एअरपोर्ट्स', म्हणजे एक्स-प्लेनबरोबर येणारे विमानतळ. मग रस्ते-झाडं-घरांचे ओव्हरले, त्याखाली ऑर्थो, म्हणजे जमिनीचे वरून घेतलेले फोटो, आणि तळाला मेश, म्हणजे जमिनीचा चढउतार. लायब्ररी कुठेही चालतात. हे उलटंपालटं झालं की काय होतं ते सांगते. एखाद्या चौकोनाची मूळ जमीन वरून खाली येताना सापडली की एक्स-प्लेन त्या चौकोनासाठी तिच्याखालचं काहीच घेत नाही. नवीन पॅक तर नेहमी यादीत सगळ्यात वर जाऊन बसतं. ऑर्थोबरोबर अशी मूळ जमीनही येते, त्यामुळे तू गोव्याचा ऑर्थो तयार करून टाकलास की तो तुझ्या दाबोळी विमानतळाच्या वर बसतो आणि दाबोळीचं टर्मिनल गायब! पॅक खराब आहे असं वाटून तू ते पुन्हा उतरवत बसतेस. पॅक चांगलं असतं, फक्त ती ओळ खाली न्यायची असते.

एकाच विमानतळाची दोन पॅकं चालू ठेवू नकोस. एकमेकांत घुसलेल्या इमारती आणि टॅक्सीवेवर उभे राहिलेले खांब बहुतेक वेळा त्यामुळेच दिसतात. दोन्हींतलं जे आवडेल ते ठेव, दुसरं बंद कर.

आता दुसरं दुखणं, ऑर्थोचं. एक्स-प्लेन पृथ्वीचे एक अंश बाय एक अंश असे चौकोन करतं आणि फाइलचं नाव चौकोनाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून ठेवतं. पुणे +18+073 मध्ये येतं. गोव्यातले दाबोळी आणि मोपा दोन्ही +15+073 या एकाच चौकोनात. पुण्याहून गोवा जवळजवळ सरळ दक्षिणेला, म्हणजे 18, 17, 16, 15 असे चार चौकोन एकाखाली एक. पण पुण्याचा लोहगाव विमानतळ 73.9 रेखांशावर आहे, 74 च्या अगदी लगत, त्यामुळे पलीकडच्या 74 च्या रांगेतले चारही लागतात. आठ चौकोन झाले. एवढ्यावर तुझा पुणे–गोवा सराव निभतो. तू मात्र अख्ख्या भारताचे चौकोन करायला बसली होतीस.

त्यातही झूम लेव्हलचा मोह आवर. लेव्हल एकने वाढवली की त्याच जमिनीला चौपट चित्रं लागतात. 17 ला पूर्ण जमिनीचा एक चौकोन पाच जीबीच्या आसपास जातो, 18 ला त्याच्या चौपट. तीन हजार फुटांवरून दिसणारा फरक बघ आणि मग ठरव. मी तर म्हणेन सगळीकडे 16 ठेव, आणि ज्या विमानतळावर खाली उतरतेस त्याच्या आसपासच 17. शिवाय हे फोटो बहुधा कोरड्या दिवसांतले असतात, कारण पावसाळ्यात सह्याद्रीवर ढगच असतात. हिरवागार घाट बघायची आस धरून त्यासाठी डिस्क भरू नकोस.

जागेचं म्हणशील तर ऑर्थो दुसऱ्या डिस्कवर ठेवता येतात. 'कस्टम सीनरी'मध्ये त्या फोल्डरचा विंडोजचा शॉर्टकट टाकला तरी चालतं. पैसे खर्चच करायचे असतील तर एक एसएसडी घे, फिरत्या हार्ड डिस्कवरून एक्स-प्लेन चालवणं सोड. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदलल्यावर पहिल्या खेपेला जास्त वेळ लागला तर घाबरू नकोस, पुढच्या वेळी ठीक होतं.

तुझी मैत्रीण मायक्रोसॉफ्टचं 2020 चं सिम्युलेटर वापरते, तिलाही सांग. तिथे 'कम्युनिटी' फोल्डरमधून नको ती पॅकं बाहेर काढून दुसरीकडे ठेवायची, तत्त्व तेच.

शेवटचं. एखादा विमानतळ अर्धवट दिसला किंवा लोड होताना तक्रार आली, की अंदाज बांधू नकोस. एक्स-प्लेनच्या मुख्य फोल्डरमध्ये 'लॉग' नावाची टेक्स्ट फाइल असते. त्यात 'ई/एससीएन' शोध. कोणती वस्तू सापडली नाही आणि ती कोणत्या पॅकने मागितली, हे त्या ओळीत सरळ लिहिलेलं असतं. बहुतेकदा एखादी लायब्ररी टाकायची राहिलेली असते. तेवढी टाकलीस की काम झालं.

येत्या रविवारी बस आणि यादी लाव. पहिल्याच दिवशी फक्त पुणे, गोवा, मुंबई आणि त्यांना लागणाऱ्या लायब्ररी चालू ठेव, बाकी सगळं बंद. तरीही अडलं तर ती लॉग फाइल मला पाठव, आपण दोघी मिळून वाचू.