पैसे आईचे, गुपित मुलाचे



एका आईचा प्रश्न आहे. गाव, वय, घर सगळे बदलून सांगत आहे, कारण विषयच तसा आहे. तिचा तेवीस वर्षांचा मुलगा काही महिने नीट जेवत नव्हता, झोपत नव्हता, कामावर जाणे त्याने सोडले होते. शेवटी ओळखीच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिने त्याला पुण्यातील एका खाजगी समुपदेशकाकडे नेले. सहा भेटी झाल्या. दर वेळी पैसे आईने भरले. सातव्या वेळी तिने विचारले, “मॅडम, तो तुमच्याशी काय बोलतो?” मॅडम म्हणाल्या, “ते त्यानेच तुम्हाला सांगितले तर चांगले. मला सांगता येणार नाही.” आई रागावली. पैसे मी मोजायचे, एसटीचे धक्के मी खायचे आणि मलाच कळू द्यायचे नाही?

राग समजण्यासारखा आहे. तरी मॅडमचे बरोबर होते. पैसे देणाऱ्याला पावती मिळते, आतले बोलणे मिळत नाही. बोलणे ज्याने केले त्याचेच राहते. आपल्याकडे हे पचायला जड जाते, कारण मुलगा कमवायला लागला तरी त्याची वही, फोन, पगार यांवर घराचा हक्क आहे असे आपण धरून चालतो.

कायदाही हेच सांगतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपली माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क आहे, आणि उपचार करणाऱ्यांवर ती गुप्त ठेवण्याचे बंधन आहे. या गुप्ततेला मर्यादा आहेत, आणि त्या आधीच माहीत असाव्यात. कोणाचा जीव धोक्यात असेल, दुसऱ्या कोणाला इजा होण्याचा संभव असेल, न्यायालयाचा आदेश आला, किंवा दुसऱ्या उपचार करणाऱ्याला गरज असेल, तर जरूर तेवढीच माहिती देता येते. व्यक्तीने नेमलेल्या प्रतिनिधीलाही त्याच्या कामापुरती माहिती मिळते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी साधारणपणे पालकच हे प्रतिनिधी असतात. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवावेच लागते. तिथे कोणाचेही गुपित चालत नाही, आणि चालू नये.

आजारपणाचे कागद किती खाजगी, हा वाद आपल्या राज्यात मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. राज्याचे मंत्री राहिलेले सुरूपसिंग नाईक यांना २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक महिन्याची कैद झाली. त्यातील बरेच दिवस त्यांनी जे. जे. रुग्णालयात काढले. एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात त्यांचे वैद्यकीय कागद मागितले. २००७ मध्ये न्यायालयाने कैद्यांच्या अशा नोंदी लोकहितासाठी उघड करता येतात असे ठरवले. शिक्षा खरोखर भोगली गेली का, हे जाणण्यात लोकांचा संबंध होता. शेजारच्या मुलाला झोप का येत नाही, यात कोणाचाच तसा संबंध नसतो.

आता आपल्या शिरूर-दौंडकडे येऊ. इथे दवाखान्याची पायरी चढली की संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत कळते. म्हणून लोक पुणे गाठतात, शिरूरकर नगर रोडने, दौंडकर रेल्वेने. म्हणजे गुप्ततेसाठी आपण फीशिवाय वेगळी किंमत मोजतो. समजा एका भेटीचे आठशे रुपये. आठ भेटींचे सहा हजार चारशे झाले. त्यात दोघांचे भाडे, आणि रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या कंपनीत कंत्राटी काम असेल तर दर भेटीला एक खाडा. तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर पैसे संपले म्हणून थांबण्यापेक्षा पहिल्याच दिवशी विचारलेले बरे: भेट किती मिनिटांची, साधारण किती भेटी लागतील, वेळ चुकली तर फी पडते का, फोनवर भेट होते का, काही सवलत मिळेल का. सवलत काही जण देतात, पण विचारावे लागते. त्यात लाज कसली?

शिक्षण आणि नोंदणीही विचारावी. ‘समुपदेशक’ ही पाटी लावणारे सगळे सारखे शिकलेले नसतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टरच असतात, औषध तेच देतात. बाकीच्यांसाठी २०२१ चा वेगळा कायदा आला आहे. समोरची व्यक्ती कोणत्या नियमाने बांधलेली आहे, माझी नोंद कुठे ठेवता, ती कोण पाहतो, हे स्पष्ट विचारावे. उत्तर द्यायला जो चिडतो त्याच्याकडे मन मोकळे होणे कठीण.

गुपित फुटते ते बहुधा समुपदेशकाकडून नव्हेच. मोबाईलवरून पैसे पाठवले की दवाखान्याचे नाव खात्याच्या नोंदीत उमटते, आणि खाते नवऱ्याच्या नंबराला जोडलेले असेल तर बायकोची भेट त्याला कळू शकते. कंपनी फी भरत असेल तर ऑफिसकडे नेमके काय कळवले जाते ते आधी लेखी घ्यावे. विम्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखेच धरावे असे कलम २१ सांगते, पण दावा केला की कागद विमा कंपनीकडे जाणारच. आणि आपली प्रार्थनासभा! “अमक्याच्या मुलासाठी प्रार्थना करा, तो पुण्याला कौन्सेलिंगला जातो.” हेतू चांगला, पण त्या मुलाला विचारले होते का? नाव न घेता प्रार्थना करता येते.

काही जण म्हणतात, फादरांकडे कन्फेशन आहे, मग फी कशाला? दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. प्रायश्चित्त संस्कारातील गुपिताला एकही अपवाद नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्याचे कलम ९८३ धर्मगुरूला बांधते, आणि दुभाषी असेल तर त्यालाही. पण संस्काराबाहेर, पॅरिश ऑफिसात खुर्चीवर बसून केलेले बोलणे त्या मुद्रेखाली येत नाही. फादर ते जपतील, पण तो संस्कार नव्हे. संस्कारात पापांची क्षमा मिळते, नैराश्याचे निदान होत नाही.

ज्यांना फी झेपत नाही त्यांच्यासाठी १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तो विनामूल्य, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. दोन खोल्यांच्या घरात मोकळेपणी बोलणे अवघड असेल तर शेताच्या बांधावरून फोन करावा. प्रत्यक्ष भेटायचे तर ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही दाखवता येते, फक्त नावाला घाबरू नये.

त्या आईला मॅडमनी एक वाट दाखवली. मुलाची संमती असेल तर एक भेट तिघांची घेऊ, काय सांगायचे ते तोच ठरवील. आईने घरी येऊन मुलाला विचारले. तो आठ दिवस काही बोलला नाही. मग म्हणाला, “ये. पण आधी मी बोलणार.”