पुढचा ब्रेक आणि मागचं हेल्मेट



पूर्वी आपल्या बैठकीबाहेर फक्त चपला दिसायच्या. आता गाड्याही दिसतात. पशुसखी लसीचा डबा घेऊन स्कूटीवर येते, बँक सखी तालुक्याला जाऊन दुपारी परत येते, सीआरपी ताई दिवसात तीन गावं करतात. आपण परवाना काढला, गाडीचा हप्ता फेडला, पेट्रोलचा हिशोबही ठेवतो. पण गाडी अचानक थांबवायची वेळ आली तर ती कशी थांबवायची, हे आपल्यापैकी किती जणींना कुणी शिकवलं? शाळेच्या मैदानावर भावाने नाहीतर मालकांनी दोन चकरा मारून घेतल्या आणि वर एक सल्ला दिला : "पुढचा ब्रेक दाबू नको, उलटी पडशील."

मी तो सल्ला सात वर्षं पाळला. उसाच्या हंगामातली गोष्ट. बँकेतून परत येत होतो. मागे आमच्या गटाच्या सचिव ताई, एका बाजूला पाय करून बसलेल्या, मांडीवर पासबुकांची पिशवी. बाभळीच्या आडून शेळीचं करडू रस्त्यावर आलं. माझी स्कूटी जुनी, डावा लिव्हर म्हणजे फक्त मागचा ब्रेक. मी तो जिवाच्या आकांताने दाबला. मागचं चाक जागेवर थांबलं आणि गाडी आडवी फिरली. करडू पळून गेलं. माझ्या हेल्मेटवर कानाच्या वर तळहाताएवढा ओरखडा आला आणि कोपर सोललं, बस. ताई पाठीवर पडल्या. त्यांच्या डोक्यावर पदर होता, हेल्मेट नव्हतं. अकरा दिवस दवाखान्यात होत्या. आमचं हिशोबाचं पुस्तक त्यांच्या अक्षरात असायचं. घरी आल्यावर आठ महिने त्यांना आकड्यांची बेरीज लागेना. आज पुस्तक दुसरी ताई लिहिते. सचिव ताई मला म्हणतात, तुझी काय चूक गं. मला मात्र माहिती आहे की मला ब्रेक लावता येत नव्हता आणि माझ्याकडे दुसरं हेल्मेट नव्हतं. म्हणून हा पाठ लिहायला घेतला.

पुढच्या ब्रेकचं खरं काय?

एसटीच्या ड्रायव्हरने ब्रेक दाबला की उभी माणसं पुढे ढकलली जातात. गाडीवरही तेच होतं. ब्रेक लागताच गाडीचा आणि आपला भार पुढच्या चाकावर येतो. पुढचं चाक जमिनीला घट्ट दाबलं जातं, मागचं हलकं पडतं. हलक्या चाकाला जोरात ब्रेक लावला तर ते फिरायचं थांबतं आणि घसरतं. म्हणून गाडी थांबवायचं जास्त काम पुढचा ब्रेकच करतो. मागचा त्याला साथ देतो आणि गाडी सरळ ठेवतो. दोन्ही एकदम लावायचे.

मग "उलटी पडशील" हे साफ खोटं का? तसंही नाही. हँडल वळलेलं असताना, वाळूवर, किंवा लिव्हर एकदम झटक्यात आवळला तर पुढचं चाक अडकतं आणि गाडी पाडते. दोष ब्रेकचा नसतो, दाबायच्या पद्धतीचा असतो. गाईची धार काढताना आपण सड ओरबाडत नाही. बोटांनी पकड घेतो, मग दाब वाढवत नेतो. ब्रेक तसाच लावायचा. आधी हलका, म्हणजे भार पुढे येतो, आणि लगेच त्यावर जोर वाढवत जायचं. हे सगळं एका सेकंदाच्या आत. लिहायला सोपं आहे, पण हात घाबरला की तो जुनंच करतो. म्हणून हाताला आधी शिकवावं लागतं.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना सीबीएस किंवा एबीएस आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं. सीबीएस असलेल्या स्कूटीचा डावा लिव्हर दाबला की मागच्यासोबत पुढचा ब्रेकही थोडा लागतो. हा "थोडा" शब्द लक्षात ठेवा. पूर्ण जोरासाठी उजवा लिव्हर लागतोच. आणि आपल्यातल्या बऱ्याच जणींकडे घेतलेली गाडी जुनी असते, तिला हे काहीच नसतं. आपल्या गाडीला काय आहे ते गॅरेजमध्ये एकदा विचारून घ्या. ज्या ताई घरची मोटारसायकल चालवतात त्यांचा पुढचा ब्रेक उजव्या हातात आणि मागचा उजव्या पायात असतो. अचानक थांबताना दोन्ही लावून क्लच दाबायचा. इंजिन बंद पडलं तर पडू द्या.

साड्यांनी मोजू

ताशी ४० म्हणजे आपल्याला फार वेग वाटत नाही. पण त्या वेगात गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर. करडू दिसलं, डोक्याने ओळखलं, हात लिव्हरवर गेला, यात एक सेकंद जातोच. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच दोन साड्या रस्ता संपला. त्यानंतर कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर आणि दोन्ही ब्रेक नीट लावले तर साधारण १२ मीटरमध्ये गाडी थांबते. एकूण सव्वाचार साड्या. फक्त मागचा ब्रेक लावला तर नुसत्या थांबायलाच २० मीटरच्या आसपास लागतात, एकूण जवळजवळ सहा साड्या. माझं करडू चार साड्यांच्या पुढे होतं. मी नंतर जाऊन मोजलं.

वेग ताशी ६० केला तर? दीडपट वेग म्हणून दीडपट अंतर, असं होत नाही. ब्रेक लावल्यानंतरचं अंतर सव्वादोन पट होतं. एकूण जवळजवळ आठ साड्या रस्ता लागतो. ओल्या रस्त्यावर आणखी. मागे ताई बसल्या असतील आणि डिकीत खताची पिशवी असेल तर त्याहूनही जास्त.

सराव कसा करायचा

जागा पाहिजे कोरडी, सपाट, डांबरी किंवा सिमेंटची आणि रिकामी. सुट्टीच्या दिवशी बाजार समितीचं आवार चांगलं. मुरमाचं मैदान या सरावाला नको. परवाना असलेल्या ताईंनीच सराव करायचा. हेल्मेट, बंद बूट आणि पूर्ण बाह्यांचा जाड कपडा घालूनच गाडीवर बसायचं. आधी टायरमधली हवा बघा आणि दोन्ही लिव्हर दाबून बघा. लिव्हर हँडलला जाऊन टेकत असेल तर सराव नाही, आधी गॅरेज.

जमिनीवर चुन्याच्या फक्कीने आडवी रेघ मारा. ताशी २० च्या वेगाने सरळ या. पुढचं चाक रेघेवर आलं की रेस सोडा आणि दोन्ही ब्रेक धार काढल्यासारखे लावा. नजर समोर लांब ठेवायची. चाकाकडे बघितलं की हँडल वळतं. हात ताठ नकोत, गुडघे सीटला किंवा पुढे आवळून ठेवायचे. पाय आधीच खाली सोडून घासत थांबायचं नाही. आपल्याला ही खोड फार आहे. गाडी थांबल्यावरच पाय टेकवायचा. गाडी जिथे थांबली तिथे खूण करून अंतर मोजा.

दहा वेळा नीट जमलं की ताशी ३०, मग ४०. घाई नको. एका दिवशी २० वरच राहिलात तरी चालेल. गंमत म्हणून एकदा २० च्या वेगात फक्त मागच्या ब्रेकने थांबा आणि खुणा शेजारी शेजारी बघा. मी इथे कितीही लिहिलं तरी ती दोन खुणांमधली जागा जास्त पटेल.

सरावात मागचं चाक घसरलं तर हँडल सरळ ठेवून मागचा ब्रेक हळू सैल करा. पुढचं चाक अडकल्यासारखं वाटलं, गाडी खरवडली, तर पुढचा ब्रेक लगेच सोडा आणि पुन्हा हळू लावा. एका वेळी एकच गाडी मैदानात, बाकीच्यांनी बाजूला उभं राहायचं. सगळ्यांचा हात बसला की शेवटी मागे एकीला बसवून २० च्या वेगात करून बघा. मागे वजन असताना गाडी किती वेगळी वागते ते दोघींनाही कळतं.

काही जागा अशा आहेत की तिथे कितीही चांगला ब्रेक उपयोगाचा नाही, आधीच हळू व्हावं लागतं. पहिल्या पावसात तेल आणि धूळ वर आलेला रस्ता, साइडपट्टीची वाळू, पट्टे न मारलेला गतिरोधक. आणि हंगामात रात्री उसाची ट्रॉली. तिला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो, रस्त्याच्या मधोमध उभी असते. अंधारात तेवढ्याच वेगाने जा, जेवढा रस्ता आपल्या दिव्यात दिसतो.

हेल्मेट घेताना

रस्त्याच्या कडेला लटकवलेलं दोन-तीनशेचं हेल्मेट पोलिसाला दाखवायला असतं, डोक्याला नाही. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय खूण सक्तीची आहे. खुणेच्या वर आयएस ४१५१ आणि खाली सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो. खोट्या खुणाही मिळतात. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो क्रमांक टाकला की परवाना खरा की खोटा ते दिसतं. मोबाइल आपल्याकडे आहेच, दुकानदारासमोरच तपासा. लाजायचं काही नाही.

माप हेल्मेटपेक्षा महत्त्वाचं. भुवयांच्या थोडं वरून टेप फिरवून डोक्याचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्या. हेल्मेट घातल्यावर गालाला दाब जाणवला पाहिजे. मान हलवली की हेल्मेटने मानेसोबत हलायचं, मागे राहून नाही. पट्टा लावून मैत्रिणीला मागून हेल्मेट वर-पुढे ढकलायला सांगा. निघून आलं तर ते आपलं नाही. पट्ट्याखाली एक-दोन बोटं जातील एवढीच ढील. पट्टा न लावलेलं हेल्मेट आपल्या आधी रस्त्यावर पडतं.

आपल्या केसांचाही प्रश्न आहे. उंच अंबाडा आणि मोठी क्लिप असली की हेल्मेट बसत नाही, आणि पडल्यावर तीच क्लिप टोचते. मानेखाली सैल वेणी घाला. तोंडाला ओढणीचे चार वेढे घालून वर हेल्मेट चढवलं तर ते सैल बसतं आणि बाजूचं दिसत नाही. उन्हासाठी बांधायचाच तर एक पातळ सुती रुमाल पुरे. हनुवटीपर्यंत झाकणारं पूर्ण हेल्मेट घ्या, जबडाही वाचतो. काच पारदर्शक. काळी काच रात्री घात करते.

आतल्या थर्माकोलसारख्या थरातच खरं रक्षण असतं. तो एकदा दबून मार झेलतो. एकदा जोराचा मार बसला की बाहेरून चांगलं दिसलं तरी हेल्मेट बदला. रॉकेल-पेट्रोलने पुसू नका, तो थर खराब होतो. माझं ते ओरखड्याचं हेल्मेट मी ठेवलंय, पण फक्त दाखवायला.

कपड्यांसाठी फार खर्च नको. शेतात आपण साडीवर मालकांचा शर्ट घालतो, तो सवयीचाच आहे. गाडीवर त्याऐवजी जीनचं जाड जॅकेट घाला. पडल्यावर तळहात पहिले टेकतात, म्हणून हातमोजे. पायात मागे पट्टा नसलेली चप्पल नको. पदर आणि ओढणी खोचून गाठ मारायची. मागच्या चाकाचा साडी गार्ड पुष्कळ जण काढून टाकतात, पण मागे बसणारीचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून ते आवरण कायद्यातच सांगितलं आहे. काढलेलं असेल तर परत बसवा. जॅकेटच्या पाठीवर चमकणारी पट्टी शिवून घ्या. हे काम आपल्याच शिवणकामवाल्या ताईंना द्या.

आता मागे बसणारीचं. आपल्यातल्या बहुतेक जणी चालवत नाहीत, मागे बसतात. कायद्याने दोघींनाही हेल्मेट लागतं. नसेल तर १००० रुपये दंड आहे आणि परवाना तीन महिन्यांसाठी जाऊ शकतो. चार वर्षांवरच्या मुलालाही लागतं. त्याहून लहान, नऊ महिन्यांच्या पुढच्या बाळाला बांधून ठेवणारा पट्टा आणि त्याच्या मापाचं हेल्मेट पाहिजे, आणि वेग ४० च्या आत. जमेल तिथे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसा. एका बाजूला बसायचंच असेल तर मागचा दांडा धरा, पिशवी मांडीवर नको, डिकीत.

पैशांचं म्हणाल तर दोन चांगली हेल्मेटं अडीच-तीन हजारांत येतात. अंतर्गत कर्जातून दिली तर महिना अडीचशे-तीनशेच्या हप्त्याने दहा महिन्यांत फिटतात. आमच्या गटात हा विषय आला तेव्हा एक ताई म्हणाली, हे काय उत्पादक कर्ज आहे का? सचिव ताई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी पहिली सही केली.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे हेल्मेट आहे त्यांनी ते घेऊन या, डोक्यावर घालून एकमेकींनी ओढून बघू. गाडीवाल्या ताईंनी बूट घालून या, बैठक संपल्यावर मैदानावर जाऊ. टेप आणि फक्की मी आणते.