माहितीचे भाषण आणि मन वळविणारे भाषण

ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षकाचे बोलणे वर्गाच्या चार भिंतींपुरते मर्यादित राहत नाही. १५ ऑगस्ट व २६ जानेवारीचे ध्वजवंदन, पालकसभा, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक, ग्रामसभा, शिमग्यास वा गणपतीस मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची वाडीतील बैठक, या सर्व ठिकाणी ‘गुरुजी, दोन शब्द बोला’ असा आग्रह होतो आणि शिक्षकास उभे राहावे लागते. पाठाचे टाचण काढल्याविना वर्गात पाऊल न टाकणारा शिक्षकही अशा वेळी सुचेल ते बोलतो, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे. वर्गातील पाठ फसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घेता येतो. गावाची सभा पुन्हा भरावयास कित्येक महिने जातात.

भाषणाचे टाचण काढावयास बसताना पहिला प्रश्न असा की, हे भाषण ऐकून उठणाऱ्या माणसाला काय कळावयास हवे आहे, की त्याने काही करावयास हवे आहे? हातखंब्याकडून येणारा महामार्ग पालीपर्यंत एकच असतो. पालीस त्याच्या दोन वाटा होतात. एक लांज्यावरून गोव्याकडे जाते, दुसरी साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापुरास पोचते. भाषणाचेही तसेच आहे. विषयाची निवड, माहितीचा संग्रह, श्रोत्यांचा विचार येथवर माहितीचे भाषण व मन वळविणारे भाषण बरोबरीने चालतात. पुढे मात्र कोणत्या वाटेने जावयाचे हे आधी ठरले नसेल, तर वक्ता नाक्यावरच घोटाळत राहतो आणि श्रोते घड्याळाकडे पाहू लागतात.

माहितीच्या भाषणाचे एक उदाहरण घेऊ. पावसाळ्याच्या तोंडावर सर्पदंशाविषयी पालकांना सांगावयाचे आहे. जांभ्या दगडाच्या या मुलखात हा विषय पुस्तकी नाही. कातळावर, गडग्याच्या फटीत, लाकडांच्या राशीत फुरसे असते, आणि मुलांची शाळेची वाट त्याच सड्यावरून जाते. या विषयावर ग्रंथ लिहिता येईल, परंतु भाषणात चारच गोष्टी सांगाव्या. पहिली, आपल्याकडे माणसाचे प्राण घेणारे मुख्य साप चार आहेत : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. दुसरी, मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. खूण दिसत नाही, वेदनाही फारशी होत नाही, आणि काही तासांनी श्वास बंद पडू लागतो. म्हणून पहाटे मुलाच्या पापण्या जड झाल्या किंवा पोटात दुखू लागले, तर या शक्यतेचा विचार करावा. तिसरी, चावल्यावर घट्ट दोरी आवळू नये, जखम चिरू नये, रक्त चोखू नये. मुलास चालवू नये. ज्या हातापायास दंश झाला तो हलू न देता उचलून न्यावे. चौथी, औषध एकच, ते म्हणजे शासकीय रुग्णालयात मिळणारी प्रतिविषाची लस. ती या चारही सापांवर चालते, म्हणून साप मारून बरोबर नेण्यात वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा, नाहीतर मिळेल त्या वाहनाने निघावे.

एवढे सांगण्यास दहा मिनिटे पुरतात. सापांच्या जाती, नागपंचमीचे महत्त्व, शेतकऱ्याचा मित्र साप इत्यादी गोष्टी खऱ्या असल्या, तरी त्या दिवशी त्या सांगू नयेत. माहितीच्या भाषणात काय गाळले यावरच बरेच अवलंबून असते. शेवटी एखाद्या मातेस विचारावे, ‘काकी, रात्री पोराला काही चावल्यासारखे वाटले, तर तुम्ही प्रथम काय कराल?’ तिला उत्तर देता आले तर भाषण पोचले. न आले तर दोष तिचा नव्हे. तो भाग पुन्हा सांगावा.

माहितीच्या भाषणाचा सर्वांत मोठा आदर्श याच जिल्ह्याने दिला आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म आज गुहागर तालुक्यात असलेल्या कोतळूक येथे ९ मे १८६६ रोजी झाला. ते पेशाने शिक्षक. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, अंकगणिताचे पाठ्यपुस्तकही तयार केले. गव्हर्नर-जनरलच्या विधिमंडळात त्यांनी अर्थसंकल्पावरील आपले पहिले भाषण २६ मार्च १९०२ रोजी केले. सरकारी तिजोरीत मोठी शिल्लक पडली होती आणि सभागृहात अभिनंदनाचा सूर होता. गोखल्यांनी त्यात सूर मिसळला नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भयंकर दुष्काळांनी रयत पिचलेली असताना तिजोरी भरते याचा अर्थ कर गरजेहून अधिक घेतले जात आहेत, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखविले. मिठावरील कराचा बोजा गरिबाच्या घरावर कसा पडतो, ते मांडले. आवाज चढविला नाही, विशेषणांची आतषबाजी केली नाही. पुढील वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरील कर मणास अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर. ही घट एका भाषणाने झाली असे म्हणणे धाडसाचे होईल, परंतु वर्षानुवर्षे तीच गोष्ट अचूक आकड्यांनिशी मांडणाऱ्या आवाजाचा त्यात वाटा होता, यात शंका नाही.

या भाषणांमागची मेहनत शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली गोखल्यांनी सरकारी अहवाल वाचण्याची व टिपणे काढण्याची कठोर शिस्त अंगी बाणविली होती. आकड्यांसाठी ते ज्यांच्याकडे वारंवार धाव घेत, ते गणेश व्यंकटेश जोशी हे सोलापूरच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक होते. म्हणजे देशाच्या विधिमंडळात गाजलेल्या भाषणांच्या पाठीशी एका शाळामास्तराची टिपणवही होती. हे फारसे कोणी सांगत नाही.

ही सावधगिरी गोखल्यांना एका कटू प्रसंगाने अधिक शिकविली. १८९७ मध्ये ते विलायतेत असताना, पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांना स्वदेशाहून आली. त्यांच्या आधाराने त्यांनी तेथे जाहीर विधान केले. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला, तेव्हा माहिती पुरविणारे पुढे येईनात. विधान सिद्ध करता येत नाही असे दिसताच गोखल्यांनी जाहीर क्षमा मागितली. स्वकीयांनी त्यांची निर्भर्त्सना केली. ती त्यांनी सोसली. आज शिक्षकाच्या हातातील भ्रमणध्वनीवर रोज अशी दहा पत्रे येऊन पडतात. सभेत एखादी गोष्ट सांगण्यापूर्वी ती कोणी सांगितली, त्यास ती कशी कळली आणि उद्या कोणी विचारले तर दाखवावयास काय आहे, हे तीन प्रश्न स्वतःस विचारावे. गावात गुरुजींच्या तोंडून गेलेली गोष्ट छापील मानली जाते.

आता दुसरी वाट. मन वळविणाऱ्या भाषणात श्रोत्यास माहिती बहुधा असतेच, पण त्याच्या मनात एक अडसर असतो. तो अडसर ओळखल्याविना केलेले भाषण म्हणजे बंद दारावर फुले उधळणे होय. एखाद्या वाडीत सातवी झालेली मुलगी पुढे शाळेत जात नाही. शिक्षक सभेत उभा राहून स्त्रीशिक्षणाचे महत्त्व सांगतो, सावित्रीबाईंचे नाव घेतो, टाळ्या पडतात, आणि मुलगी घरीच राहते. कारण तिच्या वडिलांना शिक्षणाचे महत्त्व आधीच मान्य होते. त्यांची अडचण वेगळीच होती. आठवीची शाळा महामार्गापलीकडे, पावसात पऱ्याला पाणी, संध्याकाळी सड्यावरची वाट निर्मनुष्य, आणि एस.टी. शाळा सुटण्यापूर्वीच निघून जाते. हे वडील अडाणी नाहीत, ते काळजीत आहेत. त्यांच्याशी बोलण्याची रीत निराळी हवी.

म्हणून सभेच्या आधी आठवडाभर तरी शिक्षकाने दोनचार घरी जाऊन बसावे. तेथे बोलू नये, ऐकावे. मग सभेत प्रथम त्यांचीच अडचण त्यांच्यापेक्षा चांगल्या शब्दांत मांडावी. ‘दादा, अंधारात एकट्या पोरीला सड्यावरून यायला लावणे कोणाच्याही जिवावर येईल’ हे वाक्य गुरुजींच्या तोंडून आले, की समोरचा माणूस सावरून बसतो; आपल्याला दोष देण्यासाठी सभा नाही हे त्यास कळते. त्यानंतर उत्तरे. चार वाड्यांच्या मुली मिळून किती होतात, त्या एकत्र कशा येऊ शकतील, एस.टी.च्या वेळेसाठी आगाराकडे अर्ज कोणी करावयाचा, बारावीपर्यंतच्या मुलींना एस.टी.चा पास विनामूल्य मिळतो तो कसा काढावयाचा. ज्या अडचणीस उत्तर नाही, ती आहे म्हणून कबूल करावी. पऱ्यावर साकव नसेल तर नाही असेच म्हणावे आणि तो विषय ग्रामसभेत लिहून द्यावा. तोंडावर खोटी आशा दाखविणाऱ्याचे दुसरे भाषण कोणी ऐकत नाही.

येथेही गोखल्यांचाच दाखला उपयोगी पडतो, आणि तो तर प्राथमिक शिक्षणाचाच आहे. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सक्ती हा शब्द ऐकूनच सरकार व कित्येक सभासद बिचकणार, हे ते जाणून होते. म्हणून मागणी त्यांनी शक्य तितकी लहान ठेविली. सक्ती साऱ्या देशावर नाही; ज्या नगरपालिकेस वा लोकल बोर्डास हवी तिने सरकारची पूर्वसंमती घेऊन ती लागू करावी; तीही जेथे मुलांचा ठराविक हिस्सा आधीच शाळेत जात आहे अशाच ठिकाणी; वय सहा ते दहा; प्रारंभी केवळ मुलगे; महिना दहा रुपयांहून कमी उत्पन्नाच्या पालकास फी नाही. मुलींना प्रारंभी वगळणे आज खटकते, आणि खटकावे हे योग्यच. लोक तयार नाहीत या आक्षेपास त्यांनी बडोद्याकडे बोट दाखविले. तेथे सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे शिक्षण सुरू करून १९०६ मध्ये ते सर्व राज्यात नेले होते. म्हणजे ‘होईल’ असे न म्हणता ‘होत आहे’ असे त्यांना म्हणता आले. मन वळविण्यास याहून बळकट साधन नाही. शेजारच्या वाडीतील दोन मुली आठवीस जात असतील, तर त्यांच्या आईस सभेत आणून बसवावे. तिची चार वाक्ये गुरुजींच्या चाळीसांना भारी पडतात.

विधेयक मार्च १९१२ मध्ये फेटाळले गेले. बाजूने १३, विरुद्ध ३८. ते पडणार हे ठाऊक असूनही गोखल्यांनी प्रत्येक आक्षेपास उत्तर दिले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी ते निवर्तले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात शिक्षण सक्तीचे केले; १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांसाठी तसा कायदा झाला; आणि सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक बालकाचा हक्क म्हणून हीच गोष्ट १ एप्रिल २०१० पासून देशभर अमलात आली. ज्या कायद्याखाली आज शाळा व्यवस्थापन समितीची बैठक भरते, त्याचे मूळ त्या पडलेल्या विधेयकात शोधता येते.

प्रत्यक्ष बोलण्याविषयी थोडेच सांगणे पुरे. भाषण पाठ करू नये. पहिली दोन व शेवटची दोन वाक्ये मात्र पाठ असावी. मधल्या मुद्द्यांसाठी पोस्टकार्डाएवढा कागद पुरतो. व्यासपीठावरील प्रत्येकाचे नाव पदांसह घेण्यात पाच मिनिटे जातात आणि तोवर उन्हात उभी असलेली पहिलीची मुले डुलू लागतात. ‘सर्व मान्यवर’ एवढ्याने कोणाचाही मान कमी होत नाही. आकडा सांगावा तो श्रोत्याच्या मापाने : शेकडेवारीपेक्षा ‘दहा मुलींपैकी तिघी’ हे अधिक कळते. वाडीत बोलताना गावची बोली तोंडी आली तर संकोच मानू नये. मात्र शिक्षक बाहेरचा असेल तर ती बोली ओढूनताणून आणू नये, लोक हसतात.

मन वळविणाऱ्या भाषणाच्या शेवटी श्रोत्याच्या हातून तेथल्या तेथे होईल अशी एखादी कृती ठेवावी. ‘मुलींना शिकवा’ ही कृती नव्हे. एस.टी.च्या पासाचे कोरे अर्ज सभेस बरोबर न्यावे, शाळेचा शिक्का व दोन लेखण्या जवळ असाव्या, आणि सभा उठण्यापूर्वी ज्या पालकांची तयारी असेल त्यांचे अर्ज तेथेच भरून घ्यावे. जे त्या दिवशी भरणार नाहीत त्यांची नावे टाचणवहीच्या मागील पानावर लिहून ठेवावी व पुढील गुरुवारी, शाळा सुटल्यावर, त्यांच्या घरी जावे.