वार्धक्यातील राखणदार : अधू कुत्र्याची सर्वांगीण शुश्रूषा

ग्रामीण जीवनात कुत्र्याचे स्थान केवळ हौसेचे नाही. खळ्यावरील धान्य, गोठ्यातील जनावरे, धनगरांच्या मेंढ्या आणि वस्तीवरचे एकाकी घर यांची राखण त्याने पिढ्यान्‌पिढ्या केली आहे. परंतु हाच प्राणी दहा-बारा वर्षांचा झाला आणि त्याचे मागचे पाय लटपटू लागले, की ‘आता वय झाले’ एवढे बोलून त्याच्याकडे पाठ फिरविली जाते. वस्तुतः वार्धक्य हा रोग नव्हे. म्हाताऱ्या कुत्र्याची चाल मंदावते, तिच्यामागे पुष्कळदा सांध्यांची वेदना असते आणि ही वेदना बऱ्याच अंशी कमी करता येते. त्यासाठी एखादे रामबाण औषध उपलब्ध नाही. आहार, व्यायाम, निवारा आणि औषधोपचार यांचा मेळ घालणे, हाच त्यावरील उपाय होय.

सांधे का आखडतात?

सांध्यातील हाडांची टोके कूर्चेच्या गुळगुळीत आवरणाने झाकलेली असतात आणि त्यांमधील द्रव वंगणाचे कार्य करतो. कूर्चेची झीज झाली, की सांध्याला सूज येते, हाडांच्या कडा वाढतात आणि हालचाल दुखरी होते. दुखते म्हणून कुत्रा हालचाल टाळतो. हालचाल टाळल्याने स्नायू रोडावतात. स्नायू रोडावल्याने सांध्यावरील भार आणखी वाढतो. हे दुष्टचक्र तोडणे, हेच उपचाराचे सूत्र आहे. लॅब्रेडॉर, अल्सेशियन यांसारख्या मोठ्या जातींत खुब्याचा सांधा मुळातच सैल असण्याचा दोष आढळतो. जुनी दुखापत आणि स्थूलता यांमुळेही हा विकार बळावतो.

कुत्रा वेदनेने क्वचितच ओरडतो. त्यामुळे लक्षणे पाहूनच ती ओळखावी लागते. सकाळी उठताना त्याला कष्ट पडतात, परंतु चार पावले टाकल्यावर चाल थोडी मोकळी होते. ओट्याची पायरी चढताना तो घुटमळतो, एकच सांधा वारंवार चाटतो, मांड्या बारीक होतात. लहान मुलांनी अंगाला हात लावताच पूर्वीचा शांत कुत्रा गुरगुरू लागतो. हा स्वभावातील बदल नसून बहुधा दुखण्याची तक्रार असते.

प्रथम निदान, मग उपचार

प्रत्येक लंगडणे हे संधिवाताचे नसते. गोचिडांमुळे होणारे ताप, पाठीच्या मणक्यांचे विकार, गुडघ्यातील अस्थिबंध तुटणे, एवढेच काय पंजात रुतलेला काटा किंवा वाढून वळलेली नखे, यांपैकी कोणतेही कारण असू शकते. मार्च १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांच्या वेळी स्फोटके हुडकून अनेकांचे प्राण वाचविणारा पोलीस दलातील ‘झंजीर’ हा लॅब्रेडॉर २००० साली हाडाच्या कर्करोगाने मरण पावला. यावरून पायांच्या दुखण्याचे मूळ किती गंभीर असू शकते, याची कल्पना येईल.

आणखी एक बाब गावाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. लस न टोचलेल्या कुत्र्याचे मागचे पाय एकाएकी लुळे पडले, जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली किंवा आवाज बदलला, तर रेबीजची शंका घ्यावी. अशा कुत्र्याला हात न लावता पशुवैद्यकास कळवावे. तो चावल्यास किंवा त्याची लाळ जखमेस लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ रुग्णालयात जावे. कुत्रा कितीही वृद्ध झाला, तरी त्याची रेबीज प्रतिबंधक लस चुकवू नये.

वजन : सर्वांत स्वस्त औषध

अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून जन्मभर केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक जोडीतील एका कुत्र्यास दुसऱ्याच्या तुलनेत २५ टक्के कमी आहार देण्यात आला. कमी आहारावरील कुत्र्यांचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले. सांध्यांच्या विकारासाठी दीर्घकालीन उपचारांची गरजही त्यांना सुमारे तीन वर्षे उशिरा भासली.

हे तत्त्व घरोघरी आचरता येते. बोटांनी हलकेच चाचपल्यास बरगड्या लागल्या पाहिजेत आणि वरून पाहता कंबर दिसली पाहिजे. तसे नसेल, तर भाकरी-पोळीचे तुकडे, तूप, बिस्किटे व गोडधोड कमी करावे. मात्र अंडे, मासे, मांस यांसारखे प्रथिनयुक्त अन्न तोडू नये, कारण स्नायू टिकविण्यासाठी त्याची गरज असते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आहार पशुवैद्यकांना विचारून ठरवावा. माशाच्या तेलाचा काही कुत्र्यांना उपयोग होतो. त्याचेही प्रमाण त्यांच्याकडूनच घ्यावे.

चालणे, शेक आणि निवारा

अधू कुत्र्यास दिवसभर बांधून ठेवणे जितके अहितकारक, तितकेच एखाद्या दिवशी मैलभर पळविणेही घातक आहे. दहा-पंधरा मिनिटांचे, मऊ जमिनीवरचे, सावकाश चालणे दिवसातून दोन-तीन वेळा नियमाने व्हावे. थंडीत चालण्यापूर्वी कोमट पाण्यात पिळलेल्या कापडाने सांधे शेकावेत व मांड्या हलक्या हाताने चोळाव्यात. उष्णता आधी आपल्या मनगटावर तपासून पाहावी. सूज ताजी व गरम असेल, तर शेक देऊ नये.

शहाबादी किंवा गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात. तेथे गोणपाट अंथरावे. झोपण्यासाठी जाड गोधडी, कोरडी व वाऱ्यापासून आडोशाची जागा द्यावी. पायरीला गोणपाट ठोकलेली फळी तिरकी लावल्यास त्याचे चढणे-उतरणे सोपे होते. नखे वेळच्या वेळी कापावीत. मागचे पाय अगदीच साथ देत नसतील, तर पोटाखालून जुने उपरणे घालून त्यास आधार देत चालवावे.

औषधे : सावधगिरीचा इशारा

घरातील माणसाच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्यास देणे, ही सर्वांत घातक चूक होय. आयबुप्रोफेनमुळे जठरात व्रण पडतात व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलचे प्रमाण चुकल्यास यकृत व रक्तपेशींना इजा पोहोचते. डायक्लोफेनॅकयुक्त औषधे खाल्लेल्या मृत जनावरांच्या मांसामुळे गिधाडे मोठ्या संख्येने मेली. म्हणून जनावरांसाठी त्याच्या वापरावर २००६ साली आणि किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांवर २०२३ साली देशात बंदी आली. मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन यांसारखी औषधे पशुवैद्यक वजन पाहून व आवश्यक तेव्हा रक्ततपासणी करून देतात. ती चालू असताना उलट्या, काळी शी किंवा अन्नावरची वासना जाणे यांपैकी काही दिसल्यास औषध थांबवून दवाखाना गाठावा.

सूचिवेध, जलव्यायाम, हळद किंवा वनौषधी यांचा काही ठिकाणी जोडउपचार म्हणून वापर होतो. त्यांचे पुरावे मर्यादित आहेत. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने ते मूळ उपचारांस पूरक म्हणून करण्यास हरकत नाही. त्यांच्या भरवशावर निदान लांबणीवर टाकू नये.

अंथरुणास खिळल्यावर

उठता न येणाऱ्या कुत्र्याची दर दोन-चार तासांनी कूस बदलावी, अंग कोरडे ठेवावे, पाणी तोंडाजवळ न्यावे. पावसाळ्यात जखमांवर माश्या बसून अळ्या पडतात. म्हणून कोपरे व खुबे रोज तपासावेत. सर्व उपाय थकले आणि केवळ यातनाच उरल्या, तर वेदनारहित मृत्यू देण्याचा निर्णय पशुवैद्यकांशी विचारविनिमय करून घेता येतो. रानात सोडून देण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच दयेचा आहे.

समाजाची जबाबदारी

प्राण्यास उपासमार किंवा तहानेच्या यातना भोगाव्या लागतील अशा स्थितीत सोडून देणे, हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० अन्वये गुन्हा आहे. सजीवांविषयी करुणा बाळगणे, हे संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये १९७६ साली समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांपैकी एक आहे. ग्रामपंचायतींनी लसीकरण शिबिराच्या दिवशीच वृद्ध कुत्र्यांची तपासणी करून घेण्याबाबत पशुधन विकास अधिकाऱ्यांना विनंती करावी. शिक्षकांनी दुखणाऱ्या कुत्र्याला न छेडण्याची व त्याची लक्षणे ओळखण्याची शिकवण मुलांना द्यावी. ज्याने आयुष्यभर दारात जागून रात्री काढल्या, त्याला अखेरच्या दिवसांत कोरडी गोधडी, दोन वेळचे बेताचे अन्न आणि योग्य औषध मिळावे, एवढे करणे कोणत्याही गावाला अवघड नाही.